लिंकन यांचे टपाल आणि दोन दफ्तरे

अब्राहम लिंकन यांच्या पत्रव्यवहाराचा विषय निघाला की अकरा वर्षांची ग्रेस बेडेल आठवतेच. ऑक्टोबर १८६० मध्ये तिने त्यांना दाढी राखण्याचा सल्ला दिला. चार दिवसांत त्यांनी उत्तर लिहिले, पुढे दाढीही आली. गोष्ट गोड आहे आणि खरी आहे. मला मात्र या टपालातली दुसरीच काही पत्रे मोलाची वाटतात, आणि ती लिंकन यांच्या खासगी कागदांत सापडत नाहीत.

व्हाइट हाउसमध्ये आलेले टपाल आधी चिटणीस उघडत. बरेचसे केराच्या टोपलीत जाई. जे एखाद्या खात्याचे असेल ते त्या खात्याकडे, आणि निवडक तेवढे अध्यक्षांच्या टेबलावर. हत्येनंतर खासगी कागद थोरला मुलगा रॉबर्ट याच्या ताब्यात गेले. १९१९ मध्ये त्याने ते लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवले, पण आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षे ते उघडू नयेत अशी पुढे अट घातली. २६ जुलै १९४७ च्या मध्यरात्री ते खुले झाले. अभ्यासक ताटकळत बसले होते. खळबळजनक असे काही निघाले नाही.

इकडे युद्धखात्याच्या रुक्ष दफ्तरात वेगळेच लोक बोलत होते. बफलोच्या हॅना जॉन्सन यांचा मुलगा ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय पलटणीत होता आणि फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात लढला होता. ३१ जुलै १८६३ रोजी या माउलीने लिहिले : दक्षिणेने पकडलेल्या काळ्या सैनिकांना गुलाम केले, तर तुम्ही जशास तसे वागा, आणि मुक्तीचा जाहीरनामा मागे घेऊ नका. अशाच प्रत्युत्तराच्या आदेशावर लिंकन यांची सही आदल्याच दिवशी झाली होती. बाईंना ते कसे कळणार?

त्याच पलटणीतल्या कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने सप्टेंबरात पगाराचा हिशेब मांडला. गोऱ्या शिपायाला १३ डॉलर; काळ्याला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ वजा. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. तेव्हा गुडिंग अँडरसनव्हिलच्या कैदेत होता; जुलैत तो तिथेच वारला.

सर्वांत लहान पत्र ॲनी डेव्हिस हिचे, २५ ऑगस्ट १८६४ चे, मेरीलँडमधल्या बेल एअरहून. जेमतेम चार ओळी. मला माझ्या माणसांना भेटायला जायचे आहे, मालकीण सोडत नाही. आम्ही स्वतंत्र आहोत की नाही, तेवढे कळवा. जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, म्हणजे दीड वर्ष उलटून गेलेले! पण तो बंडखोर प्रदेशापुरताच होता. मेरीलँड संघराज्यातच राहिलेले, म्हणून तिथली गुलामगिरी त्याने सुटली नव्हती. ॲनीच्या प्रश्नाचे त्या दिवशीचे कायदेशीर उत्तर ‘नाही’ असेच होते. राज्याची नवी घटना १ नोव्हेंबरला अमलात आली आणि ती मोकळी झाली, पत्रानंतर ६८ दिवसांनी.