आकडा लावणाऱ्याचे नाव

मुंबईच्या मटक्याचे मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे, हे आमच्या वेस्ट विंडसरमध्ये वाढलेल्या मुलांना सांगितले तर त्यांना थट्टा वाटते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे व बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत येत आणि लोक त्यांवर पैसे लावत. १९६१ मध्ये ते भाव थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रींनी आपला वेगळा. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र कापसाचेच राहिले.

गिरणीकामगाराने आकडा लावला की त्याच्या हाती चिठ्ठी येई. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने धंदाच बेकायदा. खरे नाव लिहून ठेवणे म्हणजे पोलिसांच्या हाती पुरावा देणे. मटक्याने कितीतरी संसार धुळीला मिळवले, पण खोट्या नावापायी कोणी अडकल्याचे मी ऐकलेले नाही.

न्यू जर्सीत सारे उलटे. नोव्हेंबर २०१३ पासून कसिनोचे खेळ घरबसल्या खेळता येतात. १४ मे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खेळांवरील पैजही कायदेशीर झाली आणि उद्घाटनाची पैज खुद्द गव्हर्नर फिल मर्फी यांनी लावली! (खत्रीशेठना हे भाग्य कुठले!) पण ही मोकळीक खऱ्या नावावर बेतलेली आहे. खात्यासाठी जन्मतारीख व सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, वय २१ पूर्ण लागते, आणि आपले खाते दुसऱ्याला वापरू देण्यास मनाई आहे.

तरीही एकोणीस वर्षांचे चिरंजीव बाबांच्या नावाने खाते उघडतात. कंपनीने पैजेवर मर्यादा घातली की एखादे गृहस्थ मेव्हण्याचे नाव पुढे करतात. हरत असेपर्यंत सहसा कोणी काही विचारत नाही. मोठी रक्कम काढायला गेले की ओळखपत्र मागतात आणि खाते गोठू शकते. कर खात्याकडे नोंद जाते ती बिचाऱ्या मेव्हण्याच्या नावे.

ग्रीन कार्डवाल्यांनी तर जास्तच जपावे. नागरिकत्वासाठी चांगल्या चारित्र्याची अट आहे, आणि अर्जापूर्वीच्या ठराविक काळात जुगाराचे दोन गुन्हे सिद्ध झाले तर ती पुरी होत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. दुसऱ्याची ओळख वापरून तारेवरून केलेल्या फसवणुकीसारखा गुन्हा केल्यास, २००४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मूळ शिक्षेवर दोन वर्षांची सक्तीची कैद वाढते.

आपले नाव परस्पर कोणी वापरल्याचे आढळले, तर राज्याच्या डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटकडे तक्रार करता येते.