इमा कैथेल: बायकांनी चालवलेला बाजार

मणिपूरची राजधानी इम्फाळच्या मध्यभागी, ख्वैरामबंद भागात, इमा कैथेल म्हणजेच आईंचा बाजार भरतो. इथे हजारो बायका विक्रीला बसतात. पुरुषाला ओटा मिळत नाही. ओटा विवाहित बाईच्याच नावे असतो आणि तिच्यामागे मुलीकडे किंवा सुनेकडे जातो.

बाजाराची सुरुवात सोळाव्या शतकात झाली असे मानतात. त्याच्या मुळाशी राजाची उदारता नव्हती. लालुप पद्धतीनुसार १७ ते ६० वयाच्या पुरुषांना दर ४० दिवसांतले १० दिवस राज्यासाठी राबावे लागे. शिवाय शेजारच्या ब्रह्मदेशाशी सतत लढाया चालत. पुढे १८१९ ते १८२६ या काळात तर ब्रह्मी फौजांनी मणिपूरचे खोरे उजाड केले. घरातला पुरुष कधी वेठीला, कधी रणावर, कधी कायमचा गेलेला. शेती, माग आणि देवघेव बायकांच्या हाती आली ती अशी.

१८९१ च्या युद्धात इंग्रजांनी मणिपूर जिंकले. जळालेले सरकारी बंगले पुन्हा बांधण्यासाठी त्यांनी १९०४ मध्ये पुरुषांना वेठीला धरायचे ठरवले, तेव्हा बायका रस्त्यावर उतरल्या. ही पहिली नुपी लान, म्हणजे बायकांची लढाई.

दुसरी लढाई मात्र थेट धंद्याची होती. भात विकत घ्यायचे, घरी कांडायचे आणि तांदूळ बाजारात विकायचा, हा अनेक बायकांचा व्यवसाय होता. यांत्रिक गिरण्या आल्या आणि त्यांच्या हातचे काम गेले. १९३९ मध्ये अतिवृष्टीने पीक बुडाले, तरी व्यापाऱ्यांमार्फत तांदूळ बाहेर जातच होता. भाव भडकले. १२ डिसेंबरला बायका संस्थानाच्या दरबाराचे इंग्रज अध्यक्ष शार्प यांच्याकडे गेल्या. निर्यात थांबवायला महाराजांची परवानगी हवी, आणि महाराज बंगालातल्या नवद्वीपला, असे उत्तर मिळाले. मग तार करा, असे म्हणून बायकांनी त्यांना तार कार्यालयातच अडकवून ठेवले. आसाम रायफल्सचे जवान आले, संगिनी चालल्या, २१ बायका जखमी झाल्या. निर्यात थांबली. तरीही बायकांनी पुढे कित्येक महिने बाजारावर बहिष्कार ठेवला. स्वतःचे रोजचे उत्पन्न बुडवून सरकारला नमवायचे, हे त्यांचे हत्यार होते, आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली. म्हणूनच मणिपुरात १२ डिसेंबर हा नुपी लान दिन पाळला जातो.

या धंद्याला भांडवल मिळे ते मारुपमधून. ही आपल्याकडच्या भिशीसारखी रीत: दर खेपेला सगळ्यांनी ठरलेली रक्कम भरायची आणि पाळीपाळीने एकेकीने उचलायची. बँक दारात उभे करत नव्हती, तेव्हा नगारी (आंबवलेली मासळी), भाजी, हातमागाचे फनेक (कमरेला गुंडाळायचे वस्त्र) यांचा माल याच पैशावर उभा राहिला.

सशस्त्र बंडखोरीमुळे १९८० मध्ये संपूर्ण मणिपूर अशांत क्षेत्र ठरले आणि सशस्त्र दलांचे विशेषाधिकार लागू झाले. बंद, संचारबंदी, महामार्गांची नाकेबंदी हे बाजाराच्या पाठी लागले. २०११ ची नाकेबंदी शंभरहून अधिक दिवस चालली. नाशवंत मालाच्या विक्रेतीला एक दिवसाची संचारबंदीही महाग पडते, ही गोष्ट संघर्षाच्या हिशेबात फारशी धरली जात नाही. २०१० मध्ये बाजाराला नव्या इमारती मिळाल्या. जानेवारी २०१६ च्या भूकंपात त्यांना तडे गेले.

३ मे २०२३ रोजी खोऱ्यातल्या मैतेई आणि डोंगरातल्या कुकी-झो समाजांत हिंसा पेटली. तोवर बाजार बंद ठेवणे हे बायकांचे बळ होते, कारण समोर सरकार असे. या वेळी भेग समाजांच्या मधोमध पडली, आणि बाजार बंद ठेवून ती सांधण्यासारखी नव्हती. कुकी-झो बायकांना इम्फाळ बंद झाले. डोंगरातून भाजी आणणाऱ्या त्यांच्यातल्या विक्रेत्यांची या बाजाराची वाट तेव्हापासून तुटली आहे.