फ्लॉपीला लागलेली दोन कुलपं

माजलगावला मामाच्या घरी माळ्यावर बुटांचं एक खोकं आहे. त्यात ३१ फ्लॉप्या आहेत. १९९६ ते २००७ या काळात मामाचं बसस्टँडजवळ डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, शाळेच्या गॅदरिंगच्या स्मरणिका, कारखान्याच्या वार्षिक सभेचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, पदरमोड करून छापलेले कवितासंग्रह असं सगळं त्या दुकानातून गेलं. पुढं दुकान बंद झालं आणि कॉम्प्युटरही माळ्यावर गेला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत ते खोकं हाती लागलं.

"मामा, ह्या अजून कशाला ठेवल्यात?"

"जीव होत नाही बघ टाकून द्यायला. एकीत तुझ्या आजीच्या ओव्या आहेत."

१९९८च्या उन्हाळ्यात मामानं आजीला दुकानात बसवून घेतलं होतं. ती जात्यावरच्या ओव्या सांगायची आणि तो थेट टाइप करायचा. वीज गेली की दोघं चहा प्यायचे, आली की पुन्हा सुरू. वहीत काही उतरवलं नाही. एक प्रिंट काढली होती, ती वाळवीनं खाल्ली. आजी २००१ साली गेली. म्हणजे तिच्या ओव्या आता फक्त त्या चौकोनी काळ्या तबकडीत होत्या, आणि ती वाचणारं यंत्र घरात, गावात, ओळखीत कुणाकडे चालू नव्हतं.

फ्लॉपी तुम्ही पाहिली नसेल, पण तिचं चित्र पाहिलंय. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह'साठी दिसणारा तो चौकोन म्हणजे फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपीच्या आत प्लास्टिकची पातळ गोल तबकडी असते आणि तिच्यावर चुंबकीय लेप असतो. ती मिनिटाला ३०० फेरे फिरते. तिच्या प्रत्येक बाजूला ८० वर्तुळं, म्हणजे ट्रॅक. एका ट्रॅकमध्ये १८ खण, म्हणजे सेक्टर. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. सगळं मिळून १४,७४,५६० बाइट. तुमच्या फोनवरचा एखादा फोटो यात मावणार नाही. पण मराठी मजकुराची दोनेकशे पानांची कादंबरी आरामात मावायची. ती फ्लॉपी शर्टाच्या खिशात टाकून लोक एसटीनं बीडला, औरंगाबादला, पुण्याला छापखान्यात जायचे. त्या काळातलं आपलं 'फाइल पाठवणं' ते हेच.

या तबकड्यांचा वंश जुना आहे. १९५६ मध्ये आयबीएमनं रॅमॅक नावाचा संगणक आणला. त्याच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या. वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावायची सुमारे ५० लाख अक्षरं, म्हणजे जेमतेम चार फ्लॉप्यांचा ऐवज. १९७१ मध्ये आयबीएमचीच आठ इंची फ्लॉपी आली, १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सोनीची साडेतीन इंची. मार्च २०११ मध्ये सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह तर त्याआधीच नव्या कॉम्प्युटरमधून नाहीसा होत आला होता.

खरी अडचण इथंच आहे. तबकडीवरचं चुंबकत्व बरंच टिकतं. कोरड्या जागी ठेवलेल्या २५-३० वर्षांच्या फ्लॉप्या आजही वाचल्या जातात. आधी मरतं ते यंत्र.

मी आधी सोपा मार्ग धरला. यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मागवला. फ्लॉपी घातली. घरघर, टकटक, आणि स्क्रीनवर प्रश्न: डिस्क फॉरमॅट करायची का? हा प्रश्न जुन्या डिस्कबाबत कधीही आला, तर उत्तर 'नाही' हेच द्यायचं. 'हो' म्हटलं की पाटी पुसली गेली. मी फ्लॉपी बाहेर काढली आणि तिच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवून खिडकी उघडी केली. त्यामुळं तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही. खरं तर हे आधीच करायला हवं होतं.

मग पुण्यातल्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी प्रश्न विचारला, "लिहिलं कुठल्या ड्राइव्हवर होतं?"

त्याचं कारण असं. ड्राइव्हमध्ये वाचणारं-लिहिणारं टोक, म्हणजे हेड, एका बारीक स्क्रूवर मागंपुढं सरकतं. वर्षानुवर्षं वापरून त्याची जागा केसभर हलते. असा ड्राइव्ह स्वतःच्या हललेल्या मापानंच ट्रॅक लिहितो. स्वतःचं लिहिलेलं त्याला नीट वाचता येतं, पण मापात असलेल्या दुसऱ्या ड्राइव्हला ते वाकडं दिसतं. एखाद्याचं गिचमिड अक्षर त्याचं त्यालाच लागावं, तसं. म्हणजे आजीच्या ओव्यांची किल्ली माळ्यावरच्या मेलेल्या कॉम्प्युटरमध्येच असण्याची शक्यता होती.

तो ड्राइव्ह काढून आणला. आत धुळीचा थर होता. स्क्रूवरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं आणि हेड एका जागी घट्ट अडकलं होतं. काकांनी कापसाच्या काडीनं आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून जुनं ग्रीस काढलं आणि नवं अगदी थोडं लावलं. हेड 'शून्य' ट्रॅकवर पोचलं हे ओळखणारा प्रकाशाचा डोळा असतो, त्यावरची धूळ उडवली. हे काम झाल्याशिवाय ड्राइव्हला आपण कुठं आहोत तेच कळत नाही. मग दोन्ही हेड त्याच अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसली. वरचं हेड फार उचलायचं नाही, त्याची स्प्रिंग वाकली की माप कायमचं गेलं. शेवटी एक निकामी फ्लॉपी घालून बघितली. ड्राइव्ह खरवडत असेल तर पहिला बळी तिचा जावा म्हणून.

फ्लॉपीकडेही बघावं लागतं. पत्र्याची झडप सरकवून, मधली चकती बोटानं फिरवत, उजेडात तबकडी तपासायची. दमट जागेत राहिलेल्यांवर पांढरे ठिपके असतात. ती बुरशी. अशी डिस्क तशीच आत घातली तर हेड माखतं आणि नंतरच्या प्रत्येक डिस्कवर ओरखडे काढत जातं. आमच्या ३१ पैकी नऊंवर बुरशी होती. त्यांची खोळ उघडून, तबकडी पुसून, वाळवून, दुसऱ्या स्वच्छ खोळीत घालावी लागली. आजीच्या फ्लॉपीवर ठिपके नव्हते.

वाचायला मात्र कॉम्प्युटरचा नेहमीचा मार्ग वापरला नाही. ग्रीझवीझल नावाचा एक छोटा सर्किट बोर्ड मिळतो. तो जुना ड्राइव्ह यूएसबीला जोडतो आणि तबकडीवर चुंबकीय दिशा कुठं कुठं बदलते तेवढं नोंदवतो, तेही एकाच ट्रॅकच्या अनेक फेऱ्यांमधून. अर्थ नंतर लावायचा. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी पडताळणीचा आकडा असतो, त्यावरून वाचन बरोबर आहे का ते कळतं. २,८८० सेक्टरांपैकी पहिल्या वाचनात ११ लागले नाहीत. हेड पुसून, पुन्हा पुन्हा वाचून, शेवटी तीन उरले. सुदैवानं शून्य ट्रॅक शाबूत होता. फ्लॉपीची अनुक्रमणिका त्यावर असते, तो गेला तर पानं असतात पण पुस्तक लागत नाही.

त्याच ट्रॅकचा पहिला सेक्टर एका वेगळ्या इतिहासाचाही धनी आहे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस तिथंच ठाण मांडायचा, आणि फ्लॉपीबरोबर गावोगाव जायचा. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर १९९० मध्ये पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान चालवत होते. पुढं कॉम्प्युटरही दुरुस्तीला येऊ लागले, व्हायरस लागलेले. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले, आणि १९९५ मध्ये 'क्विक हील' बाजारात आलं. एक मोठी मराठी सॉफ्टवेअर कंपनी अशी दुरुस्तीच्या टेबलावर जन्मली. मामाच्या तीन फ्लॉप्यांमध्येही असे जुने व्हायरस निपचित पडलेले निघाले.

फाइल मिळाली. उघडली. आणि ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा चिखल दिसला.

हे दुसरं कुलूप. त्या काळी कॉम्प्युटरला देवनागरी ठाऊकच नसायची. फॉन्ट बनवणारे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. उदाहरणार्थ, 'कृतिदेव' फॉन्टमध्ये 'भारत' लिहिलं, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरं साठतात. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पुण्याच्या सी-डॅकनं भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान पुढं नेलं, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानकही ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण दुकानांतले फॉन्ट आपापल्या वाटेनं चालत राहिले. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून. तोवरचं, आणि त्यानंतरचंही कित्येक वर्षांचं मराठी, असं बंद आहे.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९८५ मध्ये अमिगा कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं पिट्सबर्गच्या संग्रहालयात फ्लॉप्यांवर पडून होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबनं ती वाचली आणि २०१४ मध्ये जगापुढं आली. तिथंही तबकडी वाचून झाल्यावर कळलं की फाइलची रचना अनोळखी आहे. ती उकलायचं काम वेगळं करावं लागलं.

आमचं कुलूप मामानं उघडलं. फॉन्टचं नाव त्याच्या लक्षात होतं. त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम मिळाला, जोडाक्षरं आणि रफार हातानं दुरुस्त केले. मामाला ते आठवलं नसतं तर?

याच माजलगावातलं दुसरं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. संगणकतज्ज्ञ आणि संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्यांचा डेटाबेस उभारला. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर फोनवर वाचता येतात, ऐकता येतात. आजीनं ओव्या सांगितल्या त्याच्या दोनच वर्षं आधीच्या त्या. फरक इतकाच की तो ठेवा कुणीतरी वेळेवर नव्या माध्यमात नेत राहिलं, आणि आमचा खोक्यात राहिला.

भूर्जपत्रं आणि मोडी कागद जपायला हवेत हे आपल्याला शाळेपासून सांगितलं जातं. पण १९९०चं दशक हे इतक्या जवळचं आहे की त्याला कुणी जुनं समजत नाही. तालुक्याच्या गावांतलं त्या वर्षांचं मराठी डीटीपीच्या दुकानांत टाइप झालं, आणि ती दुकानं एकेक करून बंद झाली. फ्लॉप्या गेल्या कचऱ्यात, ड्राइव्ह गेले भंगारात. तुमच्या घरी असं खोकं असेल तर फ्लॉपीबरोबर तो जुना कॉम्प्युटरही ठेवा. आणि ज्यानं टाइप केलं त्याला आजच विचारा, फॉन्ट कुठला होता.

न लागलेल्या तीन सेक्टरांपैकी एक ओव्यांच्या फाइलमधला होता. ५१२ बाइट, म्हणजे सुमारे ७० शब्द, म्हणजे चार-पाच ओव्या. २१४ ओव्या परत आल्या. त्या मी मामाला फोनवरून पाठवल्या. त्यानं वाचल्या आणि गेलेल्या जागी काय होतं ते आठवून बघितलं. एक ओवी त्याला आठवली, अर्धी. ती आम्ही तशीच, अर्धीच लिहून ठेवली आहे.