वस्ती पाखरांची, खबर माशांची

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पण समुद्रपक्ष्यांच्या कुळातला एक पक्षी मात्र इथे आहे. गेवराई, माजलगाव तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. उन्हाळ्यात पाणी ओसरून नदीतले वाळूचे पट्टे उघडे पडले, की अशा पट्ट्यांवर नदी सुरय वस्ती करून अंडी घालतो. त्याचा भाऊबंद लगामी सुरय वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर असाच दाटीवाटीने वीण करतो. वेगळे राहिले तर माशांत वाटेकरी कमी होतील. मग हे पक्षी गर्दी का करतात?

सुरुवातीच्या अभ्यासकांपुढे हा प्रश्न फारसा नव्हता. ए. ओ. ह्यूम याने 1875 साली लक्षद्वीप व पश्चिम किनाऱ्याची सफर केली आणि तिचा वृत्तांत ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात छापला. 1942 मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वेंगुर्ल्याच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला. जाती ओळखाव्यात, घरटी व अंडी नोंदवावीत, यावर त्या काळी भर होता. गर्दीचे कारण विचारले, तर शत्रूपासून संरक्षण हे उत्तर पुरेसे वाटे.

1963 मध्ये फिलिप अॅशमोल यांनी या गर्दीची किंमत दाखवून दिली. मोठ्या वस्तीभोवतालचे मासे तिथले पक्षीच संपवत आणतात आणि पिलांसाठी अधिकाधिक दूर जावे लागते, असे त्यांनी मांडले. मग या तोट्याची भरपाई कशाने होते? 1973 मध्ये पीटर वॉर्ड आणि अमोट्झ झहावी यांनी उत्तर सुचवले: वस्ती म्हणजे बातमीचे ठिकाण. रिकाम्या पोटी परतलेला पक्षी भरल्या पोटी आलेल्या शेजाऱ्याला हेरतो आणि पुढच्या फेरीला त्याच्या मागे जातो. समुद्रात माशांचे थवे आज इथे, उद्या तिथे. म्हणून अशी खबर मोलाची.

कल्पना आकर्षक होती, पण पुरावा तोकडा. डग्लस मॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये आक्षेप घेतला, की पाण्यावर सूर मारणारे पक्षी दुरून दिसले तरी इतर तिथे जमतात. त्यासाठी वस्तीत हेरगिरी करण्याची गरज नाही. 2010 मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरील ग्वानाय पाणकावळ्यांच्या अभ्यासाने वेगळाच तपशील पुढे आणला. आंरी व्हेमेरस्कर्श आणि सहकाऱ्यांना दिसले, की हे पाणकावळे वस्तीजवळ पाण्यावर मोठा जमाव करतात. मासे खाऊन परतणाऱ्यांच्या रांगा ज्या दिशेने येतात, त्या दिशेला हा जमाव सरकतो. निघणारे पक्षी आधी जमावात उतरतात आणि तीच दिशा धरतात. कुणा एकाचा पाठलाग करावा लागत नाही. जमावच होकायंत्र होतो.

पक्ष्यांची ही खबर माणसानेही पूर्वापार वापरली आहे. लक्षद्वीपमधील मिनिकॉयचे मच्छीमार पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या पाखरांवरून कुपा माशांचे थवे शोधतात. खालून कुपा लहान माशांना वर रेटतो, वरून पाखरे तुटून पडतात, आणि पाखरांकडे पाहत होडी येते.

या इतिहासातून वस्तीच्या रक्षणाचा अर्थ बदलतो. गर्दीचा फायदा पाहणाऱ्या डोळ्यांच्या संख्येत असेल, तर निम्मे पक्षी गेल्यावर उरलेल्यांचे जगणे सोपे होतेच असे नाही. वाटेकरी कमी होतात, तशा खबराही कमी होतात. समुद्रपक्ष्यांचा हा हिशेब नदी सुरयाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. नदीतले मासे समुद्रातल्याइतके दूर पसरलेले नसतात. पण ऐन विणीच्या दिवसांत वाळू उपसली, तर नासधूस केवळ अंड्यांची होत नाही, अख्खी वस्ती उठते. वेंगुर्ल्याच्या खडकांना निदान समुद्राचा पहारा आहे. गोदावरीच्या वाळूवर ट्रॅक्टर थेट उतरतो. मार्च ते मे हे तीन महिने वस्तीचे पट्टे तरी उपशातून वगळले पाहिजेत.