जेरुसलेमची पात्रे, वसईच्या घंटा आणि सोपाऱ्याचा करंडक

यहुदी धर्मग्रंथांत जेरुसलेमच्या मंदिरातील पात्रांचा वृत्तांत एखाद्या राजघराण्याच्या चरित्रासारखा येतो. इ.स.पू. ५९७ मध्ये आणि पुन्हा ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने ती लुटून नेली. जिंकलेल्या नगराची देवमूर्ती उचलून नेणे ही त्या काळची राजरीत होती. या मंदिरात मूर्तीच नसल्याने तो मान पात्रांना मिळाला. दानीएलाच्या ग्रंथात बेलशस्सर त्याच पात्रांतून मद्यपान करतो व त्याच रात्री मारला जातो. पुढे पारसीक सम्राट कोरेश, म्हणजेच सायरस, ती परत करतो. त्याचा कोषाध्यक्ष मिथ्रदाथ ५,४०० पात्रे मोजून देतो, असे एज्राच्या ग्रंथात आहे. (यादीतील आकड्यांची बेरीज मात्र २,४९९ भरते.)

याच जातीचा प्रसंग वसईत घडला. पोर्तुगीज अमलात येथील अनेक देवळे पाडली गेली. जवळच्या कान्हेरीच्या चैत्यगृहातही ख्रिस्ती साधूंनी चर्च थाटले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि तेथील चर्चच्या घंटा घाटमाथ्यावर गेल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर, वाईजवळचे मेणवली येथे त्या टांगल्या गेल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाल येशूसह मरियेची आकृती आजही दिसते. धातू आटवून तोफा ओतता आल्या असत्या. तसे न करता घंटा मूळ चिन्हांसह देवापुढे बांधल्या, यातच लुटीचा हेतू स्पष्ट होतो: शत्रूचे पावित्र्य नष्ट करावयाचे नव्हते, ते आपल्या दारी राबवायचे होते.

पालि वाङ्मयात पात्राविषयी वेगळीच दृष्टी आढळते. महापरिनिब्बानसुत्तात बुद्धधातूंसाठी राजे व गण युद्धास सज्ज होतात. द्रोण ब्राह्मण आठ समान वाटे करून संघर्ष टाळतो आणि स्वतःसाठी केवळ वाटपाचा रिकामा कुंभ मागून घेतो. त्या कुंभावरही स्तूप उभारला जातो.

आता आपल्याच नालासोपाऱ्याकडे पाहू. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखला जाणारा स्तूप उत्खनित केला. आत दगडी पेटी आणि तिच्यात तांब्याचा करंडक होता. त्याच्यात क्रमाने चांदी, जेड, स्फटिक व सोन्याचे करंडक निघाले. सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात मृत्पात्राचे तेरा तुकडे होते. भगवानलालांनी ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे मानले. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते, तर तांब्याच्या करंडकाभोवती कांस्याच्या आठ मूर्ती मांडलेल्या होत्या: सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचे, मूर्ती सुमारे आठव्या-नवव्या शतकातील. याचा अर्थ असा की, मधल्या काळात कोणा श्रद्धावंतांनी हा स्तूप उघडला, आतील एवढ्या सोन्याला हात न लावता उलट भर घातली आणि तो पुन्हा मिटला. प्रस्तुत लेखकाला या स्थळाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना वाटते.

१८८२ चे उत्खनन ही लूट होती काय? तसे म्हणणे भगवानलालांवर अन्याय करणारे होईल. त्यांनी प्रत्येक वस्तूची नोंद करून ती प्रसिद्ध केली. परंतु ज्यांची संमती घ्यावी असा भिक्षुसंघ त्या वेळी सोपाऱ्यात नव्हता, हेही तितकेच खरे. आज हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे आणि स्तूपाचा गाभा रिता आहे. १८९८ मध्ये पिप्रहवा येथे सापडलेली रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली होती. जगभरच्या बौद्धांनी विरोध केल्यावर लिलाव स्थगित झाला आणि जुलैअखेर ती भारतात परतली. सोपाऱ्याचा ठेवा तर परदेशी गेलेलाच नाही. मुंबई ते नालासोपारा हे अंतर लोकलने दीड तासाचेही नाही. निदान वैशाख पौर्णिमेस तो करंडक स्तूपाजवळ दर्शनासाठी आणावा, ही मागणी उपासकांनी रीतसर अर्जाने करावी. अर्जासोबत जोडावयाची यादी भगवानलालांनी करून ठेवलेलीच आहे.