गाद्या, पत्रा आणि निनाद

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली नवे व्याख्यानगृह बांधून झाले, पण तिथे बोललेले कुणालाच समजेना. एका शब्दाचा निनाद सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्यात वक्ता पुढची बारा-पंधरा अक्षरे बोलून जाई आणि सगळ्यांची खिचडी होई. यावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस सबाइन या भौतिकीच्या तरुण शिक्षकाकडे आले.

साधने कोणती? ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदणारे उपकरण आणि स्वतःचे कान! रात्री, गोंगाट निवल्यावर, तो दुसऱ्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडी. नळीचा आवाज बंद केल्यापासून तो ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजी. गाद्या वाढल्या की हा वेळ घटे. त्यातून नियम सापडला : निनादकाल खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात, तर एकूण ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल याच नियमाच्या आधारे बांधले गेले. तिथला निनादकाल जवळपास दोन सेकंद आहे. वाद्यवृंदाला तो शोभतो, भाषणाला मात्र जास्त होतो.

पुढे ध्वनिमुद्रणात उलटी अडचण आली. मायक्रोफोन जवळ ठेवला की आवाज कोरडा वाटे. शिकागोत १९४७ साली बिल पटनम यांनी चक्क स्वच्छतागृहाच्या घुमण्याचा उपयोग केला. १९५७ साली जर्मनीतल्या ईएमटी कंपनीने सुमारे दोन मीटर लांबीचा पातळ पोलादी पत्रा चौकटीत टांगला. गाण्याने तो थरथरे आणि ती थरथर पुन्हा आवाजात रूपांतरित होई. १९६१ मध्ये मॅन्फ्रेड श्रोडर यांनी हेच काम गणिताने करण्याची रीत मांडली.

आज गाण्याचे मिश्रण करताना सभागृह, खोली, पत्रा असे सारे निनाद संगणकावर मिळतात. निवड कशी करायची? कसोटी सबाइनचीच : मागच्या स्वराचे शेपूट पुढच्या स्वरावर चढता कामा नये. द्रुत, शब्दप्रधान गाण्याला आखूड निनाद. संथ आलापाला लांब. पत्र्याचा निनाद क्षणात दाट होतो, पण खोलीचा आकार जाणवू देत नाही. म्हणून तो गळ्याला अनेकदा मानवतो.

आपल्या वर्गात मात्र निवडीचे बटण नसते. रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवून पाहा. मग मुले बसल्यावर पुन्हा वाजवा. फरक ऐकू येईल, कारण कपडे आणि शरीरेही ध्वनी शोषतात. उघड्या भिंतींच्या वर्गात मागच्या बाकावरचे मूल ‘लक्ष देत नाही’ असे म्हणण्यापूर्वी, त्याच्यापर्यंत आपले शब्द सुटे पोचतात का, हे तिथे बसून ऐकायला हवे.