भिंतीतल्या वायरींचे घराणे

लॅनच्या केबलचे वरचे आवरण सोलले की आत आठ बारीक तारा निघतात. दोन-दोनची वेणी घातलेल्या चार जोड्या: निळी, नारंगी, हिरवी, तपकिरी आणि प्रत्येकीबरोबर तिची पांढरी जोडीदार. टेलिफोन खात्यात हयात घालवलेल्या लाइनमनला ही केबल दाखवली, तर पाचवा रंग तो न विचारता सांगेल: स्लेट, म्हणजे करडा. पंचवीस जोड्यांच्या टेलिफोन केबलमधला पाठ करून घेतलेला तो क्रम. कॉम्प्युटरवाल्यांनी त्यातल्या पहिल्या चार जोड्या रंगांसकट उचलल्या.

हे टेलिफोनचे नाते गावोगावी दिसते. सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागते.  गावात पोलीस ठाणे आहे, बालाजी अमाइन्सचा रसायनांचा कारखाना आहे, ग्रामपंचायत आहे. म्हणजे फोन, कॅमेरा आणि इंटरनेट यांच्यावाचून ज्यांचे पान हलत नाही अशा कचेऱ्या आहेत. अशा ठिकाणी भिंतीत शिरणाऱ्या वायरी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ टेलिफोनपाशीच सापडते. को-अ‍ॅक्सियल केबलसुद्धा याला अपवाद नाही.

वेणी घालण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची. १८८१ साली त्याला तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. शेजारून तारायंत्राची तार गेली की फोनमध्ये तिची टकटक ऐकू येई. दोन तारा एकमेकींभोवती फिरवल्या की बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच पडतो आणि टोकाला वजा होऊन जातो. पुढच्याच वर्षी, २८ जानेवारी १८८२ रोजी, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज उघडले.

तार खांबावरून दारापर्यंत येई, पण पुढे भिंतीवर तिला बसवायचे कसे? इथे फोनवाल्यांनी विजेवाल्यांचे धडे गिरवले. आधी चिनी मातीच्या क्लीट, मग लाकडी केसिंग-कॅपिंग, मग सागवानी पट्टीवर क्लिपा ठोकून बसवलेली वायर. प्लास्टिकची पट्टी आली तरी कारागिरांच्या तोंडी ‘पट्टी फिटिंग’ टिकून आहे. यातल्या प्रत्येक पद्धतीत स्क्रूला धरायला काहीतरी लागे. छिन्नीने भोक पाडायचे, त्यात लाकडाची गिट्टी ठोकायची, भोवती सिमेंट भरायचे, आणि एवढे करून भिंतीचा टवका उडायचाच. लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराला १९१०च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न बिघडवता विजेची फिटिंग करायची होती. त्याने तागाचे धागे जनावराच्या रक्ताने चिकटवून बोटाएवढ्या नळ्या केल्या. स्क्रू आत गेला की नळी फुगून भोकात घट्ट बसे. हार्डवेअरच्या दुकानातला ‘रावल प्लग’ तो हाच. आता तेवढा प्लास्टिकचा झाला.

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरापुढे मात्र रावल प्लगही हात टेकतो. भिंत दोन-अडीच फूट जाड, दगड-मातीची. ड्रिल मारावे तर मध्येच धोंडा लागतो. धोंडा चुकवावा तर माती ढासळते आणि भोकाचा बोगदा होतो. वायर आरपार काढण्यापेक्षा दाराच्या चौकटीवरून, तुळईच्या कडेने फिरवून नेलेली बरी. चार हात वायर जास्त लागते, पण भिंत शाबूत राहते.

या भिंतींचा निकाल ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लागला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली दगड-मातीची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. त्यानंतर या भागात सिमेंटची बारीक भिंत आणि आरसीसीचे पट्टे यांवर लोकांचा विश्वास बसला. वायरिंगच्या दृष्टीने हा मोठाच पालट होता. भिंतीला झिरी मारून पाइप दाबायचा, स्लॅब ओतण्याआधी सळयांमध्ये पाइप सोडायचे, मग स्प्रिंग घालून वायर ओढायची, ही ‘कन्सिल फिटिंग’ माळवदात जमणारी नव्हती.

को-अ‍ॅक्सियलची गोष्ट जरा वेगळी. मधोमध तार, भोवती इन्सुलेशन, त्यावर जाळीचे वेष्टन. इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडने या कल्पनेचे पेटंट १८८० सालीच घेतले होते. पण तिला खरे काम मिळाले ते १९२९ नंतर, अमेरिकन टेलिफोन कंपनीतल्या एस्पेनशीड आणि ॲफेल यांच्यामुळे. एकाच केबलमधून शेकडो फोन एकदम नेणे हा त्यांचा हेतू. म्हणजे हीसुद्धा टेलिफोनच्याच घरातली.

१९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी कॉम्प्युटर जोडायला इथरनेट काढले ते याच केबलवर. पहिली जाड केबल वळता वळत नसे. पुढे बारीक केबल आली आणि १९९०च्या दशकात भारतातल्या कचेऱ्यांमध्ये तीच फिरली. एका टेबलावरून दुसऱ्यावर, टी-कनेक्टर लावत लावत, फार तर १८५ मीटर, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. त्यातले एक निघाले की सगळी कचेरी ठप्प. मग सगळे टेबलांखाली वाकून शोधाशोध करणार आणि पहिला संशय येणार तो ज्याने सकाळी खुर्ची सरकवली त्याच्यावर.

यावर उतारा टेलिफोनवाल्यांकडूनच आला. अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या स्टारलॅनने १९८०च्या दशकात दाखवून दिले की भिंतीत आधीच असलेल्या फोनच्या जोड्यांवरून डेटा धावू शकतो. १९९० साली टेन-बेस-टी हे मानक ठरले. प्रत्येक टेबलाची वायर स्वतंत्र, सगळ्या एका हबपाशी. एक तुटली तर एकच माणूस ओरडेल. प्लगमध्ये निळी जोडी बरोबर मध्यभागी, चौथ्या-पाचव्या पिनेवर येते, कारण फोनच्या प्लगमध्ये पहिली लाइन मध्यावरच असते. टेन-बेस-टी मात्र तिला हात न लावता नारंगी आणि हिरव्या जोडीवर भागवते. मधली जागा फोनची होती, फोनलाच राहिली.

ऑप्टिकल फायबरने तांब्याचा हा खेळ संपवायला हवा होता. महाराष्ट्राला फायबर नवे नाही. देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यात, एक्स्चेंजे जोडण्यासाठी बसली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला तर फायबर बनतेही. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत ते ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत न्यायचे ठरले. पण भिंतीवरच्या डब्यात फायबर संपले की पुढे टेबलापर्यंत बहुतेक ठिकाणी त्याच आठ तारा. काचेचा धागा कोपऱ्यात फार वाकवला की प्रकाश गळतो, आणि त्याचा जोड द्यायला महागडे यंत्र लागते. लॅनच्या वायरीला क्रिम्पिंगचा पाना पुरतो.

कचेरीतून हाकललेली को-अ‍ॅक्सियल केबल तोवर टीव्हीच्या कामाला लागली होती. १९९१च्या आखाती युद्धापासून गच्चीगच्चीवर लोंबकळणारी ७५ ओहमची केबल याच जातीची. अलीकडे ती सीसीटीव्हीच्या निमित्ताने कचेरीत परतली आहे. चित्रासाठी एक को-अ‍ॅक्सियल आणि विजेसाठी सोबतच्या बारीक तारा, असा एकाच आवरणातला हा प्रकार दुकानात ‘थ्री प्लस वन’ म्हणून मिळतो. तिला आता स्पर्धा आहे ती लॅनवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची. त्यांना वीजही त्याच आठ तारांमधून मिळते. त्याचे पहिले मानक २००३ साली आले आणि त्यातला नाममात्र दाब ४८ व्होल्ट, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांइतकाच.